सरकारी उपभोग खर्चाचा जीडीपीतला वाटा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पर्धा परीक्षेची मुलं, पेपरातलं अर्थविषयक पान बारकाईने वाचणारे निवृत्त लोक आणि पंचायत समितीच्या लेखा शाखेतले एक-दोघं पुन्हापुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. आधी सोपे प्रश्न, मग अडचणीचे. एकच गोष्ट दोनदा सांगितलेली नाही. संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. भारताचे आकडे २०११-१२ या पायाभूत वर्षाच्या (ज्याच्या किमती आधार धरतात त्या वर्षाच्या) मालिकेतले आहेत. नवी मालिका समोर ठेवून वाचणार असाल तर आधी प्रश्न २२ पाहा.

१. सरकार "उपभोग" कसा घेतं? सरकार काही खातं-पितं का?

नावच फसवं आहे. उपभोग आपण घेतो, बिल सरकार भरतं. शाळेतलं शिकवणं, पोलिसांची गस्त, न्यायालय, सरकारी दवाखाना, सीमेवरचं सैन्य या सेवा लोकांना फुकट किंवा नाममात्र पैशांत मिळतात. त्या बाजारात विकल्या जात नाहीत, म्हणून त्या कुणाच्या नावावर मांडायच्या हा हिशेबाचा प्रश्न येतो. राष्ट्रीय लेखे (देशाच्या उत्पादन-खर्चाचा अधिकृत हिशेब) असं धरतात की सरकारनेच त्या समाजासाठी विकत घेतल्या. त्या रकमेला म्हणायचं शासकीय अंतिम उपभोग खर्च. यातल्या काही सेवा कुणी घेतल्या हे बोट दाखवून सांगता येतं (शाळा, दवाखाना), काही सगळ्यांच्या मिळून असतात (सैन्य, न्यायालय). हा फरक प्रश्न १९ मध्ये कामाला येईल.

२. वाटा काढायचा कसा, आणि भारताचा किती आहे?

सरकारी उपभोग खर्चाला चालू किमतींच्या (त्या-त्या वर्षीच्या भावांनी काढलेल्या) जीडीपीने, म्हणजे देशातल्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाने भागायचं आणि शंभराने गुणायचं. २०११-१२ साली हा खर्च सुमारे ९.६८ लाख कोटी रुपये होता आणि जीडीपी सुमारे ८७.३६ लाख कोटी; म्हणजे ११.१ टक्के. त्यानंतरच्या वर्षांतही आकडा १० ते ११ टक्क्यांच्या आसपासच घुटमळत राहिला. परीक्षेत "सुमारे दहा-अकरा टक्के" हे उत्तर चालून जातं.

३. केंद्राचंच बजेट ४८ लाख कोटींचं, शिवाय राज्यांची बजेटं. सगळे मिळून जीडीपीच्या २८-३० टक्के खर्च करतात असं वाचलं. मग उपभोग दहाच टक्के कसा?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. उत्तर असं की सरकारच्या खिशातून गेलेला प्रत्येक रुपया उपभोग नसतो. २०२४-२५ चा केंद्राचा पूर्ण अर्थसंकल्प ४८.२१ लाख कोटींचा होता. त्यातले ११.६३ लाख कोटी नुसत्या व्याजाचे. व्याज म्हणजे जुन्या कर्जाचं भाडं, त्यातून कुठलीही सेवा निर्माण होत नाही, म्हणून ते बाहेर. ११.११ लाख कोटी भांडवली खर्च. रस्ते, पूल, गाड्या, इमारती हे गुंतवणुकीच्या रकान्यात जातं (राज्यांना दिलेली कर्जं तर तिथेही नाही). अन्न आणि खत सबसिडी बाहेर. लोकांच्या खात्यात थेट टाकलेले पैसे बाहेर. केंद्राने राज्यांना दिलेलं अनुदान केंद्राच्या खात्यात धरत नाहीत, नाहीतर तोच रुपया राज्याने खर्च केल्यावर दुसऱ्यांदा मोजला जाईल.

एवढं सगळं काढल्यावर उरतं ते पगार, रोजची खरेदी आणि घसारा (इमारती-यंत्रांची झीज). म्हणून "सरकार किती मोठं" असं विचारायचं असेल तर एकूण खर्चाचं प्रमाण पाहा, आणि "सरकार स्वतः किती सेवा पुरवतं" असं विचारायचं असेल तर उपभोगाचं. वृत्तपत्रांतले निम्मे वाद या दोन प्रश्नांची सरमिसळ झाल्यामुळे होतात.

४. लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे पंधराशे रुपये यात येतात का?

नाही. सरकार पैसे देतं, सेवा देत नाही. ही हस्तांतरित रक्कम. बहिणीच्या खात्यावर पंधराशे जमा झाले तेव्हा जीडीपीत काहीच नोंदलं गेलं नाही. त्यातले चारशे तिने किराणा दुकानात दिले, तीनशे मुलीच्या क्लासला भरले, तेव्हा ते सातशे खाजगी उपभोगात आले. उरलेले आठशे बचत गटात ठेवले तर ते अजून कुठेच नाहीत. शेतकऱ्यांच्या पीएम-किसानचे सहा हजार, निराधार योजनेचं मानधन, सगळ्यांना हाच नियम.

यातून एक गंमत निघते. राज्याने या योजनेसाठी २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६,००० कोटी ठेवले. तेवढ्याच पैशांत शिक्षक, परिचारिका नेमल्या असत्या तर सरकारी उपभोगाचा वाटा वर गेला असता. रोख वाटले म्हणून तो हलला नाही. सरकारचा खर्च तेवढाच, आकडा मात्र वेगळा.

५. आणि पैशांऐवजी वस्तू किंवा सेवाच दिली तर?

तर येतं. शाळेतली फुकट पाठ्यपुस्तकं, गणवेश, शालेय पोषण आहाराची खिचडी, कोविडची फुकट लस: सरकारने बाजारातून विकत घेऊन लोकांना दिलं की त्याची किंमत सरकारी उपभोगात धरायची. शिक्षण हक्क कायद्याखाली खाजगी शाळेत २५ टक्के जागांवर घेतलेल्या मुलांची फी सरकार त्या शाळेला देतं, ती तत्त्वतः याच खात्यातली. मूल खाजगी शाळेत बसतं, पण सेवा विकत घेणारं सरकार. तोच पैसा पालकाच्या हातात देऊन "तुम्हीच भरा" म्हटलं असतं तर तो खाजगी उपभोग झाला असता.

६. मग रेशनचं फुकट धान्यही सरकारी उपभोगच ना?

प्रश्न ५ वाचून हाच निष्कर्ष निघतो, आणि तर्क म्हणून तो बरोबरही आहे. पण आपल्याकडे अन्न महामंडळाला दिलेला पैसा अन्न सबसिडी म्हणून मांडला जातो. सबसिडी जीडीपीच्या हिशेबात निव्वळ करांतून वजा होते, उपभोगात बसत नाही. धान्य दोन-तीन रुपये किलोने विकलं जात होतं तेव्हा हे पटण्यासारखं होतं. जानेवारी २०२३ पासून राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखालचं धान्य पूर्ण मोफत झालं. किंमतच शून्य, तेव्हा ही सबसिडी की वस्तूरूपाने दिलेली मदत, हा वाद रास्त आहे. माझ्या मते ती वस्तूरूपाने दिलेली मदतच. पण २०११-१२ च्या मालिकेतले आकडे वाचताना ते सबसिडीत आहे असंच धरून चाला.

७. जी सेवा विकलीच जात नाही तिची किंमत कशी ठरवता?

ती द्यायला जेवढा खर्च आला तेवढीच तिची किंमत. दुसरा इलाज नाही. जिल्हा परिषदेची एक द्विशिक्षकी शाळा घेऊ. समजा दोन गुरुजींचा वर्षाचा मिळून पगार १३ लाख. खडू, रजिस्टर, वीज बिल, झाडू, किरकोळ दुरुस्ती ४० हजार. इमारतीचा वर्षाचा घसारा ३० हजार (तो का, हे प्रश्न ८ मध्ये). बेरीज १३ लाख ७० हजार. मे महिन्यात एका लग्नाला शाळेचं आवार भाड्याने दिलं आणि पाच हजार मिळाले, ते वजा. राहिले १३ लाख ६५ हजार. या शाळेने देशाच्या सरकारी उपभोगात टाकलेली भर ही एवढी.

आता या हिशेबात काय नाही ते बघा. पटावर ३४ मुलं आहेत की १२, हे नाही. चौथीतल्या मुलाला वजाबाकी येते की नाही, हे नाही. एक गुरुजी सहा महिने तालुक्याला ऑनलाइन माहिती भरत बसले तरी आकडा तोच. शिकवणं उत्तम झालं तरी तोच. खर्चावरून उत्पादन मोजल्यावर उत्पादकता मोजायचा रस्ताच बंद होतो.

काही देशांनी यातून वाट काढली आहे. ब्रिटनमध्ये २००५ साली ॲटकिन्सन समितीचा अहवाल आला, त्यानंतर तिथे शाळेत आलेली मुलं, झालेल्या शस्त्रक्रिया अशा मोजणीवर स्थिर किमतींचा (महागाई वगळलेला) आकडा काढण्यावर भर वाढला. त्याचा परिणाम २०२० मध्ये दिसला: शाळा बंद, ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकललेल्या, त्यामुळे ब्रिटनचा सरकारी उपभोग स्थिर किमतींना घसरला. पगार तर चालूच होते. खर्चावरून मोजणाऱ्या देशांत अशी घसरण दिसली नाही, म्हणून त्या वर्षाची थेट तुलना जपून करावी.

८. घसारा कशासाठी धरायचा? तो पैसा तर कुणाला दिलाच नाही.

खाजगी शाळा फी ठरवताना इमारतीची झीज फीत धरते. सरकारी शाळेला फी नाही, म्हणून झीज वेगळी घालावी लागते. नाहीतर जुन्या इमारतीत चालणारी सेवा विनाकारण स्वस्त दिसेल. लेखा शाखेच्या मंडळींसाठी: ही रक्कम बजेटमध्ये शोधू नका, सापडणार नाही. ती अंदाजाने काढतात, आणि इमारत १९८५ साली केवढ्याला बांधली यावर नाही, तर तशी आज बांधायला काय लागेल यावर.

९. सरकारी दवाखान्यात केसपेपरचे पैसे घेतात. ते कुणाच्या खात्यात?

रुग्णाने दिलेले पैसे खाजगी उपभोगात जातात आणि तेवढेच सरकारी उपभोगातून वजा होतात. नाहीतर एकच सेवा दोनदा मोजली जाईल. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार निःशुल्क झाले. त्या दिवशी कागदावर काय घडलं? खाजगी उपभोग फीच्या रकमेने कमी, सरकारी उपभोग तेवढ्यानेच जास्त, जीडीपी जिथल्या तिथे. डॉक्टर तेच, औषध तेच, रांगही तीच.

१०. रस्त्यावरचे खड्डे बुजवणं उपभोग, आणि नवा रस्ता गुंतवणूक. मग डांबराचा नवा थर?

खड्डा बुजवल्याने रस्ता पूर्वी होता तसा होतो, म्हणून तो चालू खर्च, अर्थात उपभोग. नवा रस्ता किंवा दुपदरीचा चौपदरी ही भांडवल निर्मिती. मधलं जे, त्याला कसोटी अशी: आयुष्य किंवा क्षमता लक्षणीय वाढली का? वाढली तर भांडवल. प्रत्यक्षात हे कुणी रस्त्यावर जाऊन तपासत नाही. बजेटच्या लेखाशीर्षावरून ठरतं. पावसाळ्यात वाहून गेलेल्या "भांडवलाचं" काय, असं एका वाचकाने विचारलं होतं. त्याने त्याच्या तालुक्यातल्या रस्त्याचा फोटोही जोडला होता. उत्तर प्रश्न ८ मध्ये आहे, फक्त घसाऱ्याचा वेग त्या रस्त्याला जरा जास्त लावावा लागेल.

११. वेतन आयोग आला की जीडीपी वाढतो, हे खरं का?

चालू किमतींना वाढतो. गुरुजी तेच, वर्ग तोच, पगार वाढला की सेवेची "किंमत" वाढली. स्थिर किमतींना मात्र वाढू नये, कारण ही सेवेची भाववाढ आहे, जास्त सेवा नव्हे.

"वाढू नये" आणि "वाढत नाही" यांत फरक आहे. लोकप्रशासनाचा खर्च स्थिर किमतींत आणायला आपल्याकडे ग्राहक किंमत निर्देशांक वापरतात. बाजारात महागाई सहा टक्के आणि पगारवाढ वीस टक्के असेल तर मधला फरक खरी वाढ म्हणून दिसतो. सहावा वेतन आयोग १ जानेवारी २००६ पासून लागू धरला, पण प्रत्यक्ष मंजुरी २००८ मध्ये मिळाली आणि थकबाकीसकट पैसे हातात आले. त्या वेळच्या मालिकेत २००८-०९ आणि २००९-१० या दोन्ही वर्षी सरकारी उपभोगाची स्थिर किमतींची वाढ दोन अंकी आहे. जागतिक मंदीच्या काळातला सरकारचा वाढीव खर्च त्यात आहेच, पण थकबाकीही आहे. सातव्याच्या वेळी (१ जानेवारी २०१६ पासून लागू) हेच थोड्या कमी प्रमाणात झालं. न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखालचा आठवा आयोग कामाला लागला आहे. त्याच्या शिफारशी लागू झाल्यावर वाटा उडी मारेल तेव्हा हे उत्तर आठवा.

१२. आमच्या पेन्शनचं काय? आम्ही आता काम करत नाही, मग आमचा खर्च उपभोगात का?

तुमची पेन्शन म्हणजे तुम्ही नोकरीत असताना कमावलेल्या मोबदल्याचा राहिलेला भाग. म्हणून तत्त्व असं की ती नोकरीच्या वर्षांत पगाराचा भाग म्हणून मोजायची, आणि निवृत्तीनंतर हातात मिळते तेव्हा नाही. राष्ट्रीय पेन्शन योजनेत हे सरळ आहे: केंद्र सरकार मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्के दरमहा भरतं, ते त्याच महिन्याच्या मोबदल्यात धरायचं. जुन्या पेन्शनमध्ये आधी काही बाजूला काढलेलंच नसतं. तिथे योगदानाची रक्कम मानून घ्यावी लागते, आणि बरेच देश सोयीसाठी त्या वर्षी दिलेली पेन्शनच त्या जागी वापरतात.

१३. "सरकार" म्हणजे कोण कोण? रेल्वे, एसटी, महापालिका?

केंद्र, राज्य आणि स्थानिक संस्था तिन्ही. ग्रामपंचायतीचा दिवाबत्तीचा खर्च आणि बृहन्मुंबई महापालिकेच्या रुग्णालयांचा खर्च, दोन्ही यात. रेल्वे नाही. तिचं बजेट २०१७-१८ पासून केंद्राच्या अर्थसंकल्पात मिसळलं असलं तरी ती तिकीट आणि मालभाडं घेऊन सेवा विकते, म्हणून तो उद्योग. एसटी महामंडळ, बेस्ट, सरकारी बँका, वीज कंपन्या हेही उद्योगच, तोट्यात असले तरी. मालक सरकार आहे का, हा प्रश्न इथे गैरलागू. सेवा अर्थपूर्ण किमतीला विकली जाते का, हे बघायचं. युरोपात याची मोजपट्टी ठरलेली आहे: विक्रीतून निम्माही खर्च निघत नसेल तर ती संस्था बाजारातली मानत नाहीत.

१४. अनुदानित शाळा? संस्था खाजगी, पगार सरकारचा.

महाराष्ट्रातून हा प्रश्न येणारच, कारण माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार इथे शिक्षण संस्थांनी उचललेला आहे. आंतरराष्ट्रीय नियमात कसोटी पैशाची एकट्याची नाही, नियंत्रणाचीही आहे. नेमणूक, वेतनश्रेणी, अभ्यासक्रम, बंद करायचा अधिकार हे सरकारकडे असेल तर ती संस्था सरकारी क्षेत्रात धरायची. नसेल तर ती नफा न मिळवणारी खाजगी संस्था, आणि तिचा खर्च खाजगी उपभोगाच्या रकान्यात. अनुदानित शाळा नेमकी कुंपणावर बसलेली असते. संस्थाचालकांना विचारलंत तर ते म्हणतील नियंत्रण सगळं सरकारचं. शिक्षकांना विचारलंत तर उलट उत्तर येईल.

१५. युद्धनौका उपभोग की गुंतवणूक?

यावर नियम बदलला आहे. राष्ट्रीय लेख्यांच्या १९९३ च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत शस्त्रं विकत घेतली की लगेच उपभोग, कारण ती नाशासाठीच असतात असं मानलं जाई. २००८ च्या नियमावलीने ते पालटलं. माझगाव डॉकमध्ये बांधलेली विनाशिका तीस वर्षं संरक्षणाची सेवा देते, म्हणून ती भांडवल. दरवर्षी तिचा घसारा तेवढा उपभोगात. तिच्यावरचा दारूगोळा साठ्यात धरायचा आणि डागला की उपभोग. खलाशांचे पगार, इंधन, रंगकाम नेहमीसारखंच उपभोगात.

१६. पेपरात "लोकप्रशासन, संरक्षण व इतर सेवा" असा वाटा येतो. तो म्हणजे हाच का?

नाही, आणि ही चूक मी छापील अभ्यास नोट्समध्येही पाहिली आहे. तो उत्पादनाच्या बाजूचा आकडा. त्यातल्या "इतर सेवा"त खाजगी शाळा-कॉलेजं, खाजगी रुग्णालयं, पुण्यातले एमपीएससीचे क्लास, केशकर्तनालय असं बरंच येतं. उलट सरकारने विकत घेतलेली औषधं, कागद, पेट्रोल हे सरकारी उपभोगात असतं पण या ओळीत नसतं. दोन वेगळे ढीग आहेत.

१७. सगळे वाटे मिळवले तर १०० च्या वर जातात. गणित चुकतंय का?

आयात वजा करायची राहिली असेल. २०११-१२ घ्या: खाजगी उपभोग ५६ टक्के, सरकारी ११, स्थिर भांडवल निर्मिती ३४, निर्यात साडेचोवीस, एवढ्यातच सव्वाशेच्या वर गेलो. आयात ३१ टक्के वजा केली आणि साठ्यातला बदल, सोनं-चांदी आणि थोडी सांख्यिकी तफावत धरली की शंभर जुळतात. लक्षात ठेवायचं ते हे की सरकारी उपभोगातही आयात दडलेली असते. सरकारने परदेशी औषध घेऊन वाटलं तर ते पूर्ण किमतीने उपभोगात येतं आणि आयात म्हणून जीडीपीतून वजा होतं.

१८. २०२० मध्ये वाटा एकदम वाढला. सरकारने एवढा खर्च केला?

केला, पण वाढीतला मोठा भाग छेदाचा. एप्रिल-जून २०२० च्या पहिल्या अंदाजात जीडीपी २३.९ टक्क्यांनी घसरला होता आणि सरकारी उपभोग १६.४ टक्क्यांनी वाढला होता. समजा आधी जीडीपी १०० आणि सरकारी उपभोग १२ होता. नंतर जीडीपी ७६ आणि उपभोग १४. वाटा १२ वरून साडेअठरावर. सरकारने एक पैसाही वाढवला नसता तरी १२ भागिले ७६ म्हणजे जवळपास १६ झालाच असता. म्हणून वाटा वाढला अशी बातमी वाचली की आधी अंश हलला की छेद, ते बघायचं. आणि तिमाही वाटे मागच्या तिमाहीशी ताडू नका, मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी ताडा. मार्चअखेरच्या खरेद्या ज्यांनी जवळून पाहिल्या आहेत त्यांना कारण सांगायला नको.

१९. इतर देशांत किती? अमेरिका श्रीमंत असून वाटा युरोपपेक्षा कमी का?

ढोबळमानाने: बांगलादेश ६ टक्क्यांच्या आसपास, अमेरिका १४ च्या आतबाहेर, चीन १६-१७, जर्मनी २१-२२, स्वीडन २५-२६.

अमेरिकेच्या आकड्यात व्याख्येची भानगड आहे. जर्मनीत सार्वजनिक विम्याने रुग्णालयाचं बिल भरलं की तो सरकारी उपभोग. अमेरिकेत मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनांनी तसंच बिल भरलं की तिथले लेखे त्याला व्यक्तीला दिलेला लाभ मानतात आणि खर्च खाजगी उपभोगात टाकतात. दोन्हीकडे पेशंट खाटेवर, बिल सरकारी पैशाने, पण रकाना वेगळा. यावर उपाय म्हणून "प्रत्यक्ष वैयक्तिक उपभोग" अशी बेरीज काढतात: कुटुंबांनी स्वतः घेतलेलं अधिक सरकारने त्यांना नावनिशीवार दिलेलं. देशांच्या राहणीमानाची तुलना करायची तर हीच बेरीज घ्यावी.

२०. आयर्लंडचा वाटा १२ टक्के आणि किरिबातीचा निम्म्याच्या वर, हे कसं?

दोन्हीकडे छेद बिघडलेला आहे, उलट दिशांनी. आयर्लंडमध्ये बहुराष्ट्रीय कंपन्या नफा आणि पेटंट कागदोपत्री आणून ठेवतात. २०१५ साली तिथला जीडीपी एका वर्षात सुमारे २६ टक्के वाढल्याचं जाहीर झालं, तेव्हा खुद्द आयरिश सांख्यिकी कार्यालयाने सुधारित राष्ट्रीय उत्पन्नाचा वेगळा आकडा काढायला सुरुवात केली. त्याने भागलं की वाटा इतर युरोपीय देशांच्या रांगेत येतो. पॅसिफिकमधल्या किरिबातीचं उलट: परदेशी बोटींना मासेमारीचे परवाने देऊन मिळणारा पैसा हा मोठा आधार, पण तो देशांतर्गत उत्पादनात नाही, राष्ट्रीय उत्पन्नात आहे. सरकार तो खर्च करतं, त्यामुळे जीडीपीच्या मानाने सरकार अवाढव्य दिसतं.

२१. क्रयशक्तीच्या हिशेबाने (म्हणजे सगळ्या देशांना एकाच किमती लावून) वाटा बदलतो का?

बदलतो, आणि गरीब देशांत वाढतो. रत्नागिरीतला शिक्षक आणि स्टॉकहोममधला शिक्षक एकेक वर्ग सांभाळतात, पण रत्नागिरीचा पगार कितीतरी कमी. मोबाइलची किंमत दोन्हीकडे जवळपास सारखी. जगभर एकच किंमत लावली की आपली सरकारी सेवा, जी पगारांनी भरलेली आहे, मोबाइलपेक्षा जास्त फुगते. त्यामुळे आंतरराष्ट्रीय किमतींवरचा डेटा आणि चालू किमतींचा डेटा एकाच आलेखावर चढवू नका. रत्नागिरीचा वर्ग साठ मुलांचा आणि तिथला वीसचा असेल तर काय, हा प्रश्न पुन्हा ७ कडे नेतो.

२२. जागतिक बँकेचा, रिझर्व्ह बँकेचा आणि केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाचा आकडा जुळत नाही. बरोबर कुठला?

बहुतेक वेळा तिन्ही एकाच झऱ्याचं पाणी असतं: राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय. फरक कधी उचललं याचा. एका वर्षासाठी आधी जानेवारीत पहिला आगाऊ अंदाज, फेब्रुवारीअखेर दुसरा, मेअखेर तात्पुरता, आणि पुढची काही वर्षं फेब्रुवारीत सुधारणा. सुरुवातीच्या अंदाजांत केंद्र आणि राज्यांचा महसुली खर्च घेऊन त्यातून व्याज आणि सबसिडी वगळतात. महापालिका-पंचायतींचे खरे हिशेब फार उशिरा येतात. त्यात पायाभूत वर्ष २०११-१२ वरून २०२२-२३ वर नेण्याचा निर्णय झाला आहे. दोन मालिकांतले वाटे एका रांगेत लिहून "वाढ" किंवा "घट" काढणं ही सर्वांत सोपी आणि सर्वांत वाईट चूक. आकडा लिहिताना कुठल्या मालिकेतला आणि कितवा अंदाज, हे शेजारी लिहा.

२३. महाराष्ट्राचा किंवा गोव्याचा वेगळा वाटा मिळेल का?

देशाच्या आकड्यासारखा नाही. राज्याचं उत्पन्न उत्पादनाच्या बाजूने काढतात. खर्चाच्या बाजूने काढायचं तर राज्याच्या सीमेवरची आयात-निर्यात मोजावी लागेल. शिवाय केंद्राच्या सेवा कुठल्या राज्याच्या? मुंबईतल्या नौदलाच्या पश्चिम विभागाचा किंवा दाबोळीच्या हंसा तळाचा खर्च फक्त महाराष्ट्राचा किंवा गोव्याचा म्हणणं विनोदी ठरेल. काही जण राज्याचा महसुली खर्च भागिले राज्य उत्पन्न असं करतात. करा, पण त्याला उपभोग म्हणू नका. व्याज, पेन्शन, प्रश्न ४ मधले पैसे सगळं त्यात असतं. त्यापेक्षा राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय अर्थसंकल्पाचं जे आर्थिक वर्गीकरण करतं ते पाहणं बरं.

२४. पोलीस, सैन्य हा खरंच "अंतिम" उपभोग आहे का? तो तर इतर व्यवहार चालावेत म्हणून केलेला खर्च वाटतो.

ही शंका तुमच्या आधी राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची पद्धत घडवणारे अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांना आली होती. त्यांचं म्हणणं होतं की संरक्षण आणि सुव्यवस्थेचा बराचसा खर्च हा कारखान्याच्या राखणदारासारखा आहे. राखणदाराचा पगार मालाच्या किमतीत धरतात, वेगळा मोजत नाहीत. शेवटी नियम त्यांच्या विरुद्ध बनला आणि सगळी सरकारी सेवा अंतिम ठरली. हेच कुझनेट्स पुढे भारताच्या राष्ट्रीय उत्पन्न समितीचे सल्लागार होते. १९४९ ची ती समिती तिघांची: अध्यक्ष महालनोबिस, सदस्य पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव. आज आपण वापरतो त्या लेख्यांची पायाभरणी तिथे झाली. कुझनेट्सचा मुद्दा मला आजही पटतो, पण तो मान्य केला तर राखणदार कोण आणि ग्राहक कोण हे प्रत्येक खात्यात ठरवत बसावं लागेल.

२५. वाटा किती असावा? आपला कमी आहे का?

योग्य असा एक आकडा नाही. प्रश्न ४ आणि १९ नंतर हे लक्षात आलं असेल की रोख द्यायचं की सेवा, आणि सेवा कोणाच्या खात्यात लिहायची, यावरच पाच-सात टक्के इकडचे तिकडे होतात.

२६. निवडणुकीच्या दिवशी आमचे गुरुजी मतदान केंद्रावर असतात. त्या दिवसाचा पगार शिक्षणावरचा खर्च की निवडणुकीवरचा?

पगार शिक्षण खात्याच्या लेखाशीर्षातून निघतो, म्हणून शिक्षणावरचा. निवडणुकीचा वेगळा भत्ता मिळतो, तो निवडणुकीवरचा. एकूण सरकारी उपभोग आहे तेवढाच राहतो. राष्ट्रीय लेख्यांच्या दृष्टीने त्या दिवशी शाळा भरली होती.